आम्ही तुम्हाला कळवू

उमेदवार दाराबाहेर जिन्यावर जाऊन उभे राहिले, दार ओढून घेतलं, आणि आत मॅनेजरबाई खुर्ची पुढे ओढून नीट बसल्याचा आवाज आल्यावरच त्यांनी टकटक केली.

"मे आय कम इन, मॅडम?"

"येस, प्लीज."

वर्गातल्या बाकीच्या जोड्या जागच्या जागी बसून मुलाखती उरकत होत्या. खिडकीपाशी पेट्रोल पंपावरचा माणूस आणि दवाखान्यातली आया एकमेकांना पगार विचारत होते, आणि दोघांनाही दुसऱ्याचा पगार जास्त वाटत होता. उठून जिन्यापर्यंत जायची, दार वाजवायची हौस फक्त या उमेदवारांना. साठी ओलांडलेला माणूस, शर्टाची वरची गुंडी लावलेली, बोटांच्या पेरांत कायमचं मुरलेलं ग्रीस. आत आले की खुर्चीमागे उभे राहायचे, 'बसा' म्हटल्याशिवाय बसायचे नाहीत, आणि बसले की फोटो काढायला बसल्यासारखे दोन्ही हात मांड्यांवर ठेवायचे.

मुलाखत अर्थातच इंग्रजीत चालायची, तो वर्गच त्यासाठी होता. आपल्या सोयीसाठी ती इथे मराठीत सांगायची, एवढंच.

"याआधी काय काम करत होता?"

"लिफ्ट दुरुस्त करत होतो, मॅडम. आयुष्यभर तेच केलं."

"मग ते सोडलं का?"

"सोडलं नाही, निवृत्त झालो."

"तुमची जमेची बाजू कोणती?"

उमेदवारांनी छताकडे पाहिलं, विचार केला. "मॅडम, मी फार लवकर चिडतो. आणि सकाळी मला वेळेवर जाग येत नाही."

मॅनेजरबाईंचा जीव भांड्यात पडला. जमेची बाजू विचारली की चांगलं सांगायचं आणि उणी बाजू विचारली की वाईट, तेही बेताचंच वाईट, हे सरांनी पहिल्याच आठवड्यात घोकून घेतलं होतं. त्यांनी चेहरा शक्य तितका गंभीर केला.

"थँक यू," त्या म्हणाल्या. "वुई विल लेट यू नो."

आम्ही तुम्हाला कळवू. नोकरी मिळाली नाही हे मोठी माणसं असं सांगतात, तेही सरांनीच शिकवलं होतं.

उमेदवार उठले, खुर्ची टेबलाखाली सरकवली, "थँक यू, मॅडम," म्हणून दाराबाहेर गेले, आणि लगेच परत आत आले, कारण त्यांची पिशवी खुर्चीला अडकवलेली राहिली होती. पिशवी दर वेळी राहायची.

वर्ग टायरच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की वर सगळ्यांना आवाज चढवावा लागे, त्यामुळे इथून शिकून गेलेली माणसं इंग्रजी जरा ओरडूनच बोलत. सर वयाने लहान आणि टाय मात्र मोठा. फळ्यावर ते कामधंद्याचे शब्द लिहीत आणि शेजारी मराठी. कलीग म्हणजे बरोबर काम करणारा, शिफ्ट म्हणजे पाळी, प्रमोशन म्हणजे बढती, रेझिग्नेशन म्हणजे राजीनामा, व्हेकंट म्हणजे रिकामं. मग चिठ्ठ्या टाकून त्यांनी जोड्या लावून दिल्या होत्या, एक मॅनेजर आणि एक उमेदवार. त्यांचा नियम एकच होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. मॅनेजरने 'यांना घेतलं' असं सांगितल्याशिवाय ते उमेदवाराला सर्टिफिकेट देत नसत.

"मी पास करायला लागलो तर तुम्ही माझ्यापुरतं बोलायला शिकाल," ते म्हणत. "समोरच्या माणसाला पटलं पाहिजे."

चिठ्ठीत ज्या मॅनेजर निघाल्या त्या बाईंच्या हाताखाली आजवर सुईदोऱ्याखेरीज कुणी काम केलं नव्हतं. एका मोठ्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत त्या चादरी सांधायच्या. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांच्या चादरी, वसतिगृहांच्या. टेबलाची काच दुधी, खालून दिवा लावलेला. त्यावर चादर पसरायची, जिथून उजेड आरपार येईल तिथे खडूने खूण करायची, मग रफू किंवा ठिगळ. दिवसभर शेकडो माणसं झोपून गेलेल्या चादरी हातात, आणि खोलीत माणूस नावाला नाही. शेजारी कपडे वाळवायचे ड्रम असे धडधडत की कुणाला बोलायचंच झालं तर कानाशी तोंड न्यावं लागे, आणि तेवढी तसदी कोण घेतो. इस्त्रीवाला तेवढा दुपारी घरी जाताना दारातून ओरडायचा, "काय बाई, आज कोण कोण झोपलं होतं?" विनोद जुनापुराणा होता. तरी तो तापाने आजारी होता त्या आठवड्यात दुपार झाली की मॅनेजरबाईंची नजर दाराकडे जायची.

घरी आई होती तेव्हा गोष्ट वेगळी होती. शेवटची काही वर्षं आई अंथरुणाला खिळलेली होती, पण दाराची कडी वाजली की आतून आवाज यायचाच. "आज काय काय झालं गं?" आणि मॅनेजरबाई चपला काढता काढता म्हणायच्या, "काय होणार? काही नाही." वर्षानुवर्षं तोच प्रश्न आणि तेच उत्तर. आई गेल्यावर कडी वाजायची, चपला निघायच्या, आणि घर गप्प. रोज काही ना काही झालेलं असायचं आणि ते सांगण्याजोगं असायचं, हे त्यांना तेव्हा कळलं. एकटीपुरता स्वयंपाक करणं, एकटीने जेवणं, हे सगळं अंगवळणी पडलं होतं. कुणी विचारत नाही याचं मात्र वाईट वाटायचं, आणि रोज नव्याने वाटायचं.

म्हणूनच लाँड्रीच्या मालकांनी पुढच्या काउंटरवर बसायला इंग्रजी बोलणारं माणूस हवं असं म्हटलं तेव्हा मॅनेजरबाईंनी या वर्गात नाव घातलं. काउंटरवर माणसं यायची. डाग का गेला नाही म्हणून भांडायची, लग्न दोन दिवसांवर आलंय म्हणून घाई करायची, सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालायची. तिथे बसायला मिळालं असतं तर दिवस बोलण्यात गेला असता. पण वर्ग सुरू होऊन महिना होतो न होतो तोच काउंटरवर मालकांची भाची येऊन बसली. पोरगी इतकी गोड की तिच्यावर राग धरायचीही सोय नव्हती.

"मग आता तो वर्ग सोडणार ना?" धाकट्या बहिणीने फोनवर विचारलं. "की या वयात परदेशी नोकरी धरायचा विचार आहे?"

"नाव घातलंय तर पुरा करते," मॅनेजरबाई म्हणाल्या.

हे काही पूर्ण खरं नव्हतं. पूर्ण खरं बहिणीला सांगितलं असतं तर ती हसून हसून लोळली असती, कारण पूर्ण खरं म्हणजे शिड्यांची कंपनी.

झालं होतं असं की मॅनेजरांची कंपनी कसली ते सरांनी सांगितलंच नव्हतं. पहिल्या दिवशी उमेदवारांनी अदबीने विचारलं, "मॅडम, आपली कंपनी काय बनवते?" मॅनेजरबाई गडबडल्या. कोपऱ्यात रंगाऱ्याने विसरलेली शिडी उभी होती. "शिड्या," त्या म्हणून मोकळ्या झाल्या.

"लिफ्टवाल्याने शिड्यांच्या कंपनीत जायचं म्हणजे शत्रूला सामील होणं की," उमेदवार मराठीत म्हणाले, आणि सरांनी दोघांनाही दटावलं.

मुलाखतीआधी थोड्या इकडतिकडच्या गप्पा माराव्यात असं सरांचं सांगणं होतं. त्यासाठी त्यांनी एक वाक्य दिलं होतं, ते उमेदवार दर वेळी विचारत. "हाऊ वॉज युअर डे अ‍ॅट वर्क, मॅडम?" आज कामावर दिवस कसा गेला? मॅनेजरबाई सवयीने 'काही नाही' म्हणायला गेल्या तर सर मागून म्हणाले, एका शब्दात उत्तर चालणार नाही. मग त्यांना सांगावंच लागलं. अडखळत, शब्द जुळवत त्यांनी सांगितलं की आज कंपनीत एक शिडी परत आली, गिऱ्हाइकाचं म्हणणं की हिच्यावर चढता येतं पण उतरता येत नाही. उमेदवार हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "गिऱ्हाईक अजून वरच आहे का?"

तेव्हापासून कंपनी वाढतच गेली. तिला चहा न आणणारा शिपाई मिळाला, झोपाळू हिशेबनीस मिळाला, बढतीसाठी टपलेली एक कलीग मिळाली. हळूहळू शिड्यांच्या आडून खऱ्या गोष्टीही येऊ लागल्या. चादरीच्या दुमडीत सापडलेला तान्ह्या मुलाचा मोजा, इस्त्रीवाल्याचा ताप, भाचीने काउंटरवर लावलेलं रोपटं. दिवसभरात काही झालं की मॅनेजरबाई त्याची इंग्रजी वाक्यं मनात जुळवू लागल्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी एक माणूस मांडीवर हात ठेवून समोर बसतो आणि आपला दिवस कसा गेला ते ऐकतो, एवढ्यावर त्यांचा अख्खा आठवडा चालायचा.

आणि हा माणूस जाणार होता. ते त्यांनी लपवलंही नव्हतं. त्यांची लेक दूर देशी होती, तिच्या इमारतीत लिफ्टची देखभाल करायला माणूस हवा होता, आणि तिथल्या ऑफिसने कामापुरतं इंग्रजी येत असल्याचं सर्टिफिकेट मागितलं होतं. "लेकीकडे नुसतं जाऊन बसायचं नाही मला," उमेदवार म्हणाले होते, "कामावर जायचंय. इथे आता मी आणि भिंतीवरचं घड्याळ. त्यातलं घड्याळ तरी चालतंय." सर्टिफिकेट हातात पडलं की ते निघणार होते, आणि सर्टिफिकेट मॅनेजरबाईंच्या एका वाक्यावर अडलं होतं.

मध्यंतरी एकदा उमेदवारांची मुलाखत एकही चूक न होता पार पडली होती. पगार, पाळी, जमेची बाजू, उणी बाजू, आधीच्या साहेबांशी कसं जमायचं, सगळं बिनचूक. शेवटचं उत्तर देऊन ते थांबले. मॅनेजरबाईंनी फक्त मागे वळायचं होतं आणि म्हणायचं होतं, सर, यांना घेतलं. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांची नजर समोरच्या खुर्चीच्या पाठीवर गेली, उमेदवारांच्या खांद्यामागून दिसणाऱ्या दोन फळ्यांवर, आणि ही खुर्ची आता रिकामी राहणार हे लक्षात आलं.

"वुई विल लेट यू नो," त्या म्हणाल्या.

उमेदवारांनी त्यांच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मान डोलावली, खुर्ची सरकवली, "थँक यू, मॅडम."

त्या संध्याकाळी घरी जाताना मॅनेजरबाईंनी स्वतःची समजूत घातली. आठवड्याने असा काय फरक पडतो? पुढच्या वेळी घेऊन टाकू. पण पुढच्या वेळी उमेदवार चुकले. पगार किती अपेक्षित आहे विचारलं तर त्यांनी वय सांगितलं. त्यापुढच्या वेळी रात्रपाळी चालेल का विचारलं तर आभार मानून उठायलाच लागले. आणि आता हे, लवकर चिडतो म्हणे. मॅनेजरबाईंना दर वेळी हायसं वाटायचं. खोटं बोलायची वेळ एकदाच आली होती. नंतरचं प्रत्येक 'कळवू' रीतसर होतं. माणूस चुकतो, त्याला मॅनेजर काय करणार?

दोन दिवसांनी भाची एक चादर घेऊन मागच्या खोलीत आली आणि मॅनेजरबाईंच्या कानाशी वाकली.

"मावशी, त्या हॉटेलचा पुन्हा फोन आला होता. म्हणतात तुमच्या मशीनने फाडली. दर आठवड्याला एक येतेय. बघता का जरा?"

मॅनेजरबाईंनी चादर काचेवर पसरली. अंगाखाली राहून राहून कापड विरतं ते ठरलेल्या जागी. मध्यावर, खांद्यांपाशी, आणि कडेला, जिथे गादीखाली खोचतात तिथे. भोक पडायच्या आधी भोवतालचं कापड पातळ होतं, उजेड तिथे मऊ होत जातो. इथे मात्र पायथ्याशी एक सरळ फट होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना कापड अगदी दणकट. उजेड पट्टीने आखल्यासारखा वर येत होता.

"ही झिजलेली नाही गं. कुणीतरी कापलीय."

"मुद्दाम? कशाला पण?"

"असेल कुणी खोल्या आवरणारी. नवी चादर मिळावी म्हणून करत असेल." मॅनेजरबाईंनी खडू हातात घेतला. "मागची उशाशी होती, त्याआधीची डावीकडे. झिजतं ते त्याच त्याच जागी. दर वेळी नव्या जागी फाटायला लागलं की समजायचं, कुणाचा तरी हात..."

त्या बोलता बोलता थांबल्या. खडू काचेच्या वर तसाच राहिला.

पगार. रात्रपाळी. जमेची बाजू. एकदा चुकलेलं उत्तर पुढच्या वेळी बिनचूक यायचं, आणि चूक दुसरीकडेच निघायची. प्रत्येक मुलाखतीत एक, कधी दोन नाहीत. पेट्रोल पंपावरचा माणूस खरंच अडायचा, आणि तो पहिल्या दिवसापासून राजीनाम्याच्या प्रश्नावरच अडत होता. उमेदवार त्या एका संध्याकाळनंतर चुकायला लागले होते, ज्या संध्याकाळी ते एकदाही चुकले नव्हते आणि तरी त्यांना 'कळवू' ऐकावं लागलं होतं. त्यांचं ते जास्त वेळ पाहणं मॅनेजरबाईंना आता आठवलं. दर वेळी आपल्याला जे हायसं वाटत होतं, ते कुणीतरी मुद्दाम देत होतं.

"मावशी, काय झालं?"

"काही नाही," मॅनेजरबाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्या वर्गाला लवकरच पोचल्या. जिना अर्धा चढल्या असतील, वरून उमेदवारांचा आवाज आला. ते दाराबाहेर उभे राहून फोनवर बोलत होते. इंग्रजीत, न अडखळता, मधूनमधून हसत. फोनमधून एका लहान मुलीचा, नातीचाच असणार, आवाज मोठ्याने येत होता, त्यामुळे कान देण्याची गरजही नव्हती.

"आणि ते गिऱ्हाईक, आबा? उतरलं का खाली?"

"नाही ना. कंपनीने दुसरी शिडी पाठवलीय. नुसती उतरायची."

पोर खिदळली. मग म्हणाली, "तू कधी येणार?"

"मॅडमनी सोडलं की."

"मॅडम वाईट आहेत?"

"छे छे. फार चांगल्या आहेत. कंपनीत माणसं कमी आहेत गं, म्हणून."

"पण आबा, माझा हात आता पाचव्या मजल्याच्या बटणाला पोचतो." पोरीने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं. "तू म्हणाला होतास, उचलून घेईन आणि वरची बटणं तू दाब. लवकर ये, नाहीतर माझा हात सगळ्याच बटणांना पोचेल."

मॅनेजरबाई पायऱ्यांवर पाय न वाजवता खाली आल्या आणि टायरच्या दुकानापाशी जाऊन उभ्या राहिल्या. हवा भरणाऱ्याने विचारलं, काय हवंय? त्यांनी मान हलवली. बाकीची मंडळी जिना चढू लागली तेव्हा त्यांच्या मागून त्याही चढल्या.

टकटक झाली.

"मे आय कम इन, मॅडम?"

"येस, प्लीज. सिट डाऊन."

उमेदवारांनी पिशवी खुर्चीला अडकवली, बसले, हात मांड्यांवर ठेवले. "हाऊ वॉज युअर डे अ‍ॅट वर्क, मॅडम?"

"आज एक चादर परत आली," मॅनेजरबाई म्हणाल्या.

शिडी नव्हे, चादर. उमेदवारांनी मान किंचित वर केली.

"ती झिजून फाटली नव्हती. कुणीतरी कापली होती." इंग्रजी शब्द एकेक करून येत होते, पण येत होते. "दर आठवड्याला नव्या जागी. अगदी जपून."

खाली हवेचं यंत्र सुरू झालं. ते थांबेपर्यंत दोघंही थांबले.

"मग मॅनेजर रागावले असतील," उमेदवार म्हणाले.

"नाही. ज्याने कापली त्याने चांगल्या मनाने कापली होती. मॅनेजरला स्वतःची लाज वाटली."

"आणि चादरीचं काय केलं?"

"सांधली. आता ती जिची आहे तिच्याकडे पाठवायची."

उमेदवारांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, घडी घालून परत ठेवला. मॅनेजरबाईंनी मुलाखत सुरू केली. आधीचं काम. जमेची बाजू. उणी बाजू. पगार. उत्तरं सरळ येत गेली. मग त्यांनी विचारलं, "कामावर कधीपासून येऊ शकाल?"

उमेदवारांनी छताकडे पाहिलं. "मॅडम, मी लिफ्ट दुरुस्त करत होतो."

"प्रश्न पुन्हा विचारते. कामावर कधीपासून येऊ शकाल?"

"चुकलं ना माझं," उमेदवार हळू आवाजात, मराठीत म्हणाले. "चुकलं की 'कळवू' म्हणायचं."

"काय म्हणायचं ते मी ठरवीन. मॅनेजर मी आहे." मॅनेजरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "त्या दिवशी तुमचं सगळं बरोबर आलं होतं."

"हो."

"मग बोलला का नाहीत? सरांना सांगायचं."

"तुम्हाला खोटं पाडायचं आणि वर तुमच्यासमोर येऊन बसायचं, हे मला जमलं नसतं." उमेदवारांनी पेरांतल्या ग्रीसकडे पाहिलं. "आणि खरं सांगू का? इतकी काही घाई मलाही नव्हती."

मॅनेजरबाईंच्या मनात आलं, एवढं ऐकायला मिळालं, पुष्कळ झालं. आणि त्याच वेळी हेही आलं की आता 'कळवू' म्हटलं, तर हा माणूस ऐकेल. पुढच्या आठवड्यात जिन्यावर जाऊन उभा राहील. त्यापुढच्याही. आणि तिकडे लिफ्टमधली बटणं एकेक करून हाताशी येत राहतील.

"कधीपासून येऊ शकाल?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"इमिजिएटली, मॅडम."

लगेच. मॅनेजरबाई वळल्या. खाली यंत्र पुन्हा धडधडायला लागलं होतं, त्यामुळे त्यांना ओरडावंच लागलं.

"सर, यांना घेतलं!"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणाला, अहो बाई, शिड्यांच्या कंपनीत आमच्याकरता काही असेल तर बघा. सरांनी टाय सारखा केला, टेबलाच्या खणातून सर्टिफिकेट काढलं, तिथल्या तिथे नाव घातलं, सही ठोकली. उमेदवारांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि परत येऊन खुर्चीत बसले, कारण मुलाखतीतला शेवटचा प्रश्न अजून राहिला होता.

"तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे?"

या प्रश्नाला ते आजवर 'नो, मॅडम' म्हणत आले होते. आज मात्र त्यांनी विचारलं.

"मी गेल्यावर माझ्या जागी कुणाला घेणार?"

मॅनेजरबाईंना उत्तर माहीत होतं, शब्द आठवत नव्हता. त्यांनी फळ्याकडे पाहिलं. फळा पुसलेला होता. मग शब्द आपसूक आला.

"द पोस्ट विल रिमेन व्हेकंट."

उमेदवारांनी मान डोलावली. ते उठले, खुर्ची टेबलाखाली सरकवली, "थँक यू, मॅडम," म्हणाले आणि बाहेर जाऊन त्यांनी दार ओढून घेतलं. मॅनेजरबाईंची नजर सवयीने खुर्चीच्या पाठीकडे गेली. तिथे पिशवी नव्हती. आज त्यांनी ती आठवणीने नेली होती.

जिन्यावरची पावलं खालच्या यंत्राच्या आवाजात मिसळून गेली. सर हातातली यादी चाळत टेबलापाशी आले.

"मॅडम, पुढच्या आठवड्यात एक नवे गृहस्थ येताहेत. बसवू का तुमच्यासमोर?"

मॅनेजरबाईंनी समोर पाहिलं.

"वुई विल लेट यू नो," त्या म्हणाल्या.

सर हसले. इंग्रजी आता अगदी सहज यायला लागलंय तुम्हाला, असं म्हणून ते खिडकीपाशी, राजीनाम्यावर अडलेल्या जोडीकडे गेले.